वाचकांचे प्रश्न : ग्रीक पुराणकथा आणि आपली मुले

गेल्या अंकात ग्रीक पुराणकथांच्या मुलांसाठी केलेल्या पुनर्कथनांवर आम्ही एक छोटे टिपण छापले होते. या कथा मुलांनी जरूर वाचाव्यात आणि शक्य तेथे घरातल्या मोठ्यांनी त्यांच्याबरोबर बसून वाचाव्यात, एवढेच त्यात सुचवले होते. त्यावर सांगली जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न, पत्रलेखकांची नावे वगळून आणि मजकूर थोडा आटोपशीर करून, येथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरी रामायण, महाभारत, पंचतंत्र, इसापनीती असे सारे काही आहे. नातू मात्र शाळेच्या वाचनालयातून ग्रीक देवांची इंग्रजी पुस्तके आणतो. परक्या देवांची भांडणे वाचून मुलांच्या पदरात काय पडणार? (एक आजोबा, गावभाग, सांगली)

उत्तर : आजोबा, आपल्या यादीतला इसाप हा ग्रीकच आहे, तो आपल्या घरात इतका रुळला की त्याचे परकेपण आता कोणाच्या लक्षातही येत नाही. आपला आक्षेप मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. स्वतःच्या परंपरेतल्या कथा ठाऊक नसताना मुलाने केवळ इंग्रजी पुस्तकांतले देव ओळखावेत, हे आम्हालाही रुचणार नाही. परंतु आपल्या नातवाची स्थिती तशी नाही. त्याच्याजवळ रामायण-महाभारत आधीच आहे आणि म्हणूनच ग्रीक कथा वाचताना त्याला जे दिसेल, ते केवळ ग्रीक कथा वाचणाऱ्या मुलाला दिसणार नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. धनुष्याला प्रत्यंचा चढवण्याचा पण त्या कथेच्या केंद्रस्थानी आहे. आता नातवाला प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातील एकविसावे पर्व वाचायला सांगा. वीस वर्षे घराबाहेर असलेल्या ओडिसियसचे धनुष्य त्याची पत्नी पेनेलपी हिने बाहेर काढले आहे. जो ते वाकवून दोरी चढवील आणि बारा कुऱ्हाडींच्या रांगेतून बाण पार करील, त्याच्याशी ती विवाह करणार आहे. तिच्या हातासाठी घरात ठाण मांडून बसलेल्यांपैकी एकालाही ते धनुष्य वाकत नाही आणि भिकाऱ्याच्या वेशात आलेला तिचा स्वतःचा पती बसल्या जागेवरून ते सहज वाकवतो. किंवा गंगा आणि शंतनू यांची कथा घ्या. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीज याची आई थेटिस हीदेखील जलदेवता आणि तिचा पती पेलियस हा मर्त्य मानव होता. मुलाला अमर करण्यासाठी ती रात्री त्याला अग्नीत धरीत असे, ते पाहून पेलियस ओरडला आणि ती पती व मूल दोघांनाही सोडून समुद्रात परत गेली, अशी कथा अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या प्राचीन संग्रहात आहे. शंतनूने तोंड उघडताच गंगा गेली, हे माहीत असलेला मुलगा येथे थबकल्याशिवाय राहणार नाही. या दोन कथांचा उगम एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा हाती नसताना ते बोलणे योग्यही होणार नाही. पण दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की दोन्ही अधिक खोल वाचल्या जातात.

शिवाय पुराणकथा नव्याने सांगणे ही तर सांगलीची जुनीच रीत आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. त्यांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’त महाभारतातल्या एका उपाख्यानाची कादंबरी करताना कचाला मूळ कथेहून कितीतरी मोठी जागा दिली. मूळ कथा घेऊन काय राखायचे, काय बदलायचे, हा जो या लेखकांपुढचा प्रश्न होता, तोच ग्रीक कथा मुलांना सांगणाऱ्या लेखकांपुढेही असतो. नातवाने आणलेले पुस्तक एकदा आपणही वाचून पाहावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. हर्क्युलिसने वेडाच्या भरात स्वतःच्या मुलांना मारले, असे एका पुस्तकात वाचून ती रडली. दुसऱ्या पुस्तकात तो प्रसंगच नाही. मुलांसाठी लिहिताना असे प्रसंग गाळावेत की ठेवावेत? (एक आई, मिरज)

उत्तर : ताई, या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षे मतभेद आहेत आणि आमचेही एक ठाम मत आहे. वर्णन कितीही आखडावे, परंतु ज्या घटनेमुळे पुढची कथा घडते ती घटना काढू नये.

हर्क्युलिसचेच पाहू. त्याचे ग्रीक नाव हेराक्लीज. हेरा देवीने त्याच्या मनात वेड घातले आणि त्या वेडात त्याच्या हातून स्वतःची मुले मारली गेली. शुद्धीवर आल्यावर तो डेल्फीच्या देवस्थानी गेला आणि तेथील आज्ञेप्रमाणे त्याने युरिस्थियस राजाची सेवा पत्करली. त्या सेवेतच त्याची सुप्रसिद्ध कामे झाली. हा क्रम अपोलोडोरसने दिलेला आहे. युरिपिडीजच्या नाटकात क्रम उलटा आहे, तेथे सारी कामे आटोपून वीर घरी येतो आणि मग वेड लागते. त्यात पत्नी मेगाराही मरते. म्हणजे प्राचीन ग्रीकांनीही ही कथा एकाच साच्यात सांगितलेली नाही. परंतु मुलांची पुस्तके बहुधा पहिलाच क्रम घेतात आणि नेमका त्यातला आरंभ कापतात. मग उरते ते काय? पृथ्वीवरचा सर्वांत बलवान पुरुष एका भेकड राजाचे हुकूम निमूट झेलतो आणि हा राजा तर असा की, रानडुक्कर समोर आणले तेव्हा भीतीने रांजणात जाऊन लपला. चाणाक्ष मूल विचारणारच की, हा त्याचे ऐकतो तरी कशाला? कारण काढून टाकलेल्या पुस्तकाजवळ याचे उत्तर नसते. बारा कामे केवळ बारा पराक्रम होतात आणि त्यांतले प्रायश्चित्त नाहीसे होते.

आठ वर्षांच्या मुलीला हे एका वाक्यात सांगता येते. ‘देवीने त्याला वेड लावले, त्या वेडात त्याच्या हातून घरच्यांचाच घात झाला आणि भानावर आल्यावर तो स्वतः शिक्षा मागायला गेला.’ येथे रक्त नाही, आक्रोश नाही, पण कथेचा कणा शाबूत आहे. आपली मुलगी रडली याचे आम्हाला फारसे वाईट वाटत नाही. श्रावणबाळाच्या गोष्टीला रडलेली मुले आपल्याकडे घरोघरी आहेत आणि ती गोष्ट कोणी बंद केलेली नाही. वाचताना आपण तिच्याजवळ असावे, एवढेच खरे.

याहून अधिक शिकवणारे उदाहरण थीसियसचे आहे. क्रीट बेटावरच्या भूलभुलैयात जाऊन त्याने मिनोटॉर नावाच्या बैलमुखी राक्षसाला मारले आणि राजकन्या अरियाड्नीने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने तो बाहेर आला, इथपर्यंत सर्व पुस्तके सांगतात. पुढे जुन्या कथेत तो तिला आपल्याबरोबर नेतो आणि नॅक्सॉस बेटावर झोपलेली सोडून निघून जातो. नथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८५३ साली मुलांसाठी ही कथा लिहिली, तेव्हा त्याला हा वीर असा कृतघ्न नको होता. म्हणून त्याने अरियाड्नीच्याच तोंडी असे घातले की, वृद्ध पित्याला सोडून मी येणार नाही. बदल मोठ्या सफाईने केलेला आहे आणि मुलीला तिचा स्वतःचा निर्णय मिळाला हे त्यातले चांगले. पण त्याची किंमत पुढच्याच प्रसंगात चुकवावी लागते. जिवंत परतलो तर जहाजावर पांढरी शिडे लावीन, असे थीसियसने पित्याला वचन दिले होते. तो ते विसरला आणि काळी शिडे पाहून एजियस राजाने समुद्रात उडी घेतली. हॉथॉर्नच्या कथेत हा विसर विजयाच्या आनंदातला आहे, म्हणजे केवळ योगायोग. रोमन कवी कॅटुलस याच्या काव्यात मात्र बेटावर एकटी जागी झालेली अरियाड्नी शाप देते की, ज्या विसराळू मनाने हा मला सोडून गेला, त्याच मनाने त्याने स्वतःच्या घरावर दुःख ओढवून घ्यावे. देवांचा राजा ज्युपिटर त्या शापाला मान डोलवून संमती देतो आणि शिडे बदलायची राहून जातात. शाप आणि त्याचे फळ हे नाते आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. शकुंतलेची गोष्ट ऐकलेल्या मुलाला विसरणे आणि शाप यांची जोडी पाठच असते. तेव्हा मराठीत ही कथा सांगणाऱ्याने हॉथॉर्नचा मार्ग धरण्याचे काहीच कारण नाही.

लेखकाने स्वतःची भर घालावी का, हेही आपण ओघात विचारले आहे. हात लावील ते सोने होण्याचा वर मिळालेल्या मायडास राजाच्या कथेत याच हॉथॉर्नने घातलेली भर आम्हाला मान्य आहे. रोमन कवी ओव्हिड याच्या कथेत मायडासच्या स्पर्शाने भाकरी आणि मद्य सोन्याचे होते, भुकेने व्याकूळ झाल्यावर तो देवाची करुणा भाकतो आणि पॅक्टोलस नदीच्या उगमाशी स्नान करून त्या वरातून सुटतो. सोन्याची झालेली लाडकी लेक तेथे नाही. ती १८५१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या हॉथॉर्नच्या पुस्तकामुळे सर्वांच्या परिचयाची झाली. ती आल्याने कथेची दिशा बदलत नाही, उलट राजाच्या लोभाचा परिणाम मुलाला अधिक जवळून कळतो. जुन्या कथेतला नदीचा भागही पुस्तकात राहिला असेल तर उत्तमच, कारण पॅक्टोलसच्या वाळूत खरोखरच सोन्याचे कण सापडत आणि जगातली अगदी आरंभीची नाणी ज्या प्राचीन लिडिया राज्यात पडली, त्याच्याच राजधानीतून ही नदी वाहत होती.

काही कथा मात्र बालवयात नकोतच. स्वतःच्या मुलांचे मांस पित्याला वाढल्याच्या ज्या दोन-तीन कथा आहेत, त्या सौम्य करून सांगता येत नाहीत. त्या बाजूला ठेवाव्यात. जिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होतो, त्या मेडुसाच्या बाबतीत दोन परंपरा आहेत. हेसिअडच्या काव्यात ती गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींपैकी एक असून तिघींत तीच तेवढी मर्त्य आहे. ओव्हिडच्या कथेत ती रूपवती मुलगी आहे. मंदिरात तिच्यावर समुद्रदेव अत्याचार करतो आणि केसांचे साप होण्याची शिक्षा होते ती तिलाच. आठव्या वर्षी पहिली कथा पुरे. दुसरी तेरा-चौदाव्या वर्षी अवश्य द्यावी आणि त्या शिक्षेविषयी मुलगी जो संताप व्यक्त करील तो शांतपणे ऐकून घ्यावा.

प्रश्न : सहावीच्या वर्गात मी पर्सेफनीची गोष्ट सांगितली. एका पुस्तकात तिने डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात एकच. मुले डाळिंबाच्या बागांतली, त्यामुळे त्यांना नेमका आकडा हवा आहे. शिवाय ती पाताळात गेली की हिवाळा येतो आणि जमीन उजाड होते, हे त्यांना पटत नाही; आमच्याकडे जमीन उन्हाळ्यात उजाड होते. (एक शिक्षिका, आटपाडी तालुका)

उत्तर : बाई, आपल्या विद्यार्थ्यांचे दोन्ही प्रश्न फार मोलाचे आहेत. पहिल्याचे उत्तर देता येते. पर्सेफनीची आई डीमीटर ही धान्याची देवी. तिच्या प्राचीन ग्रीक स्तोत्रात, पर्सेफनीला पळवून नेणारा पाताळाचा राजा हेडीस तिला डाळिंबाचा एकच दाणा खायला देतो आणि त्यामुळे वर्षाचा एक तृतीयांश काळ तिला पाताळात राहावे लागते. हे स्तोत्र ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. पण त्याचे हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडेपर्यंत युरोपातल्या वाचकांपुढे ते नव्हते. तोपर्यंत ही कथा मुख्यतः ओव्हिडमुळे परिचित होती. त्याच्याकडे दाणे सात आहेत आणि वर्षाची वाटणी निम्मी-निम्मी आहे. सहा दाण्यांचे सहा महिने हा हिशेब नंतरच्या कथनकारांनी जुळवून घेतलेला आहे. तो नीटनेटका आहे खरा, परंतु जुन्या कथेतला नियम दाणे मोजण्याचा नव्हताच. पाताळात काहीही खाल्ले की तेथले बंधन लागते, मग तो एक दाणा असो वा सात.

दुसऱ्या प्रश्नाबाबत आपली मुले काही अभ्यासकांच्या पंगतीला बसतात. पर्सेफनी वसंतात फुलांबरोबर परत येते असे स्तोत्र सांगते, त्यामुळे तिचा विरह म्हणजे हिवाळा हा अर्थ रूढ झाला. परंतु ग्रीसमध्ये गहू आणि बार्ली शरद ऋतूत पेरतात आणि मे-जूनच्या सुमारास कापतात; हिवाळ्यात शेतात हिरवी पिके उभी असतात आणि कोरडी, उजाड दिसते ती उन्हाळ्यातली जमीन. म्हणून पर्सेफनीचा पाताळवास म्हणजे कापणीनंतर बियाणे जमिनीखालच्या कोठारांत साठवण्याचा काळ होय, असाही एक मतप्रवाह आहे. तो सर्वमान्य नाही. तरी रब्बीची ज्वारी पाहिलेल्या आपल्या मुलांना तो सहज कळेल. बर्फाळ प्रदेशातल्या लेखकांनी आपल्या हवामानाप्रमाणे हिवाळ्याचे चित्र गडद केले. आपल्या वर्गात वैशाखातला माळ आला तर कथेचे काही बिघडत नाही.

आपल्या भागात आणखी एक सोय आहे. बहार धरण्यापूर्वी डाळिंबाच्या बागेला पाणी तोडून ताण देतात, पाने गळतात, झाडे वाळल्यासारखी दिसतात आणि पुन्हा पाणी सोडल्यावर फुटवा व फुले येतात. डीमीटरने पृथ्वीला दिलेला ताण असाच समजावून सांगता येईल. मात्र येथे एक गोष्ट निसटू देऊ नये. लेक पळवली गेली ती देवांचा राजा झ्यूस याच्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या पित्याच्या, संमतीने. आईला कोणी विचारले नव्हते. तिने देवांची सभा सोडली, म्हातारीच्या वेशात ती एल्यूसिस गावच्या विहिरीजवळ जाऊन बसली आणि शेवटी तिने धान्य उगवणेच थांबवले. माणसे उपाशी मरू लागली, तेव्हा देवांना मिळणारे बळी आणि नैवेद्यही बंद पडण्याची वेळ आली आणि त्यानंतरच झ्यूस नमला. बऱ्याच पुस्तकांत ही आई नुसती रडते आणि तिचे दुःख पाहून निसर्ग आपोआप सुकतो. आमच्या मते या कथेचे त्याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. सुट्टीत मी ‘इलियड’ची संक्षिप्त आवृत्ती वाचली. त्यात लाकडी घोडा नाही आणि अकिलीजच्या टाचेला बाणही लागत नाही. माझे पुस्तक अपुरे आहे का? (एक विद्यार्थिनी, तासगाव)

उत्तर : तुझे पुस्तक अपुरे नाही, उलट प्रामाणिक आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये ग्रीक आणि ट्रॉय यांच्यातल्या दहा वर्षांच्या युद्धातले शेवटच्या वर्षातले थोडेच दिवस येतात आणि अकिलीजने मारलेल्या हेक्टर या ट्रॉयच्या राजपुत्राच्या अंत्यसंस्काराशी ते संपते, तेव्हा ट्रॉय नगर अजून उभे असते आणि अकिलीजही जिवंत असतो. ज्याच्या पोटात लपून ग्रीक सैनिक ट्रॉयमध्ये शिरले, त्या घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’त येतो, तेथे एक अंध गायक ती हकीकत राजसभेत गातो. तिचे सविस्तर वर्णन व्हर्जिल या रोमन कवीच्या ‘इनीड’च्या दुसऱ्या पर्वात आहे आणि तो होमरनंतर काही शतकांनी झाला. टाचेची कथा तर आणखी उशिराची आहे. आईने टाच धरून अकिलीजला स्टिक्स नदीत बुडवले, हे आपल्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या कवीकडून कळते. होमरच्या अकिलीजला अशी अभेद्य काया नाही; एकविसाव्या पर्वात त्याच्या हाताला भाला घासून जातो आणि रक्त येते. गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून दुर्योधनाला वज्रदेही केले, ही गोष्ट तू ऐकली असशील. तीही व्यासांच्या महाभारतात नाही, लोकपरंपरेत आहे. घोड्यापर्यंतची सलग कथा हवी असेल तर ट्रोजन युद्धाचे पुनर्कथन माग, ‘इलियड’ मागू नकोस. आणि चोविसावे पर्व घाईने वाचले असशील तर पुन्हा वाच, ज्यात हेक्टरचा म्हातारा पिता प्रायम राजा रात्री शत्रूच्या, म्हणजे अकिलीजच्या, तंबूत जाऊन, ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेतो.

प्रश्न : अशा वीस कथा मराठीत लिहिण्याचा माझा विचार आहे. नावे कशी लिहावीत? एखाद्या इंग्रजी पुस्तकाच्या आधारे लिहिले तर परवानगी लागते का? (एक वाचक, पलूस)

उत्तर : ग्रीक आणि रोमन नावांची सरमिसळ टाळावी. पुस्तकात झ्यूस असेल तर ज्युपिटर नको, ओडिसियस असेल तर युलिसिस नको. हर्क्युलिससारखे फार रुळलेले नाव ठेवायचे असल्यास आरंभीच तसे सांगावे. एक उच्चार निवडून तो शेवटपर्यंत पाळावा. आधुनिक ग्रीक, जुने ग्रीक आणि इंग्रजी यांच्या उच्चारांच्या वादात वाचकाला ओढू नये.

परवानगीचे सूत्र असे आहे. होमर, हेसिअड, ओव्हिड यांच्या मूळ कथा सर्वांच्या आहेत. मात्र त्यांची आधुनिक भाषांतरे आणि पुनर्कथने त्या त्या लेखकांची असतात. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो. हॉथॉर्नचे निधन १८६४ साली झाले आणि १८५६ साली ग्रीक वीरांच्या कथा लिहिणारे चार्ल्स किंग्सली १८७५ साली गेले, तेव्हा त्यांची पुस्तके खुली आहेत. गेल्या काही दशकांतले पुस्तक समोर ठेवून लिहिणार असाल तर प्रकाशकाची लेखी अनुमती घ्यावी लागेल, कारण त्या लेखकाने कथेत जे नवे संवाद, पात्रे किंवा शेवट घातले असतील ते त्याचे आहेत. म्हणून आमचा सल्ला असा की, प्रत्येक कथेसाठी निदान एक जुना ग्रंथ, भाषांतरातून का होईना, स्वतः वाचावा. अरियाड्नीने क्रीटमध्येच राहायचे ठरवले असे लिहून बसल्यावर ते हॉथॉर्नचे होते, हे नंतर कळण्यात काही हशील नाही. चित्रांचा हक्क मजकुराहून वेगळा असतो, तेव्हा जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली चित्रे उचलू नयेत. सांगली-कोल्हापूरकडे रेखाटने करणाऱ्या तरुण चित्रकारांची वाण नाही, त्यांच्याकडून नवी काढून घ्यावीत. पहिली दोन-तीन प्रकरणे तयार झाली की आमच्याकडे पाठवावीत, आम्ही ती आस्थेने वाचू.